बर्फावरचा दुसरा ठिपका

मिन्तू, फोन ठेव खाली. येस्से, शेगडीत एक लाकूड सरकव. कॉफी आहे अजून. दिवसभर तुम्ही दोघं ज्यावर डोकं फोडत होतात ना, अ‍ॅपने स्वतःच्या पडद्याचं चित्र स्वतः काढून ऑफिसला पाठवायचं, ते आपल्याकडे पहिल्यांदा राइमोने लिहिलं होतं. मग ते काढून का टाकलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

हस, येस्से. अशा गोष्टींना मीही हसायचो.

राइमो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. बायको आइला. तिचं माहेर समोरच्या बेटावर. आईवडील गेल्यापासून घर बंद होतं, तरी समुद्र गोठला की आइला स्नोमोबाइलवरून तिथे जायची, खिडक्या उघडून यायची. आपलं अ‍ॅप तेव्हा नवं होतं. बर्फावर कोण कुठे आहे ते नकाशावर ठिपक्याने दाखवायचं, म्हणजे कोणी अडकलं तर शोधता यावं. ते पहिल्यांदा वापरलं आइलानेच. तिचा ठिपका निळा, शेजारी नाव.

एका मार्चमध्ये ती सुरक्षित रस्ता दाखवायला बर्फात रोवलेल्या खुणेच्या फांद्या सोडून जवळच्या वाटेने निघाली. ठिपका मध्येच थांबला. पाणबुडे उतरले, बर्फ वितळल्यावर होड्या फिरल्या. ती मिळाली नाही.

राइमो कामावर येत राहिला. फक्त अ‍ॅपच्या यादीतून तिचं नाव काढेना. "काढतो रे उद्या," म्हणायचा. असं करत पुढचा हिवाळा आला.

फेब्रुवारीतला शेवटचा मंगळवार. संध्याकाळचे सात. ऑफिसात मी एकटाच. राइमो बेटाकडे जाणाऱ्या बर्फाच्या रस्त्यावर गेला होता, कारण जिथे सिग्नल अडखळतो तिथेच चाचणी घ्यायची होती. त्याने फोन हलवला की अ‍ॅप चित्र काढणार आणि ते माझ्यासमोर येणार. बर्फावर गाडीत पट्टा लावायचा नसतो, बर्फ फुटला तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून, आणि गाडी थांबवायची नसते, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक. त्याने पट्टा लावला नव्हता. पण गाडी थांबवली.

पहिलं चित्र आलं. रस्ता, दुतर्फा फांद्यांच्या खुणा, मधोमध राइमोचा ठिपका.

"आलं," मी फोनवर म्हणालो. "आता हल तिथून. तुझ्या वजनाने बर्फ तडकेल."

"तुझ्यापेक्षा हलका आहे मी. अजून एक बघ."

दुसऱ्या चित्रात कडेला आणखी एक ठिपका होता.

"मागे कोण आहे रे?"

"कोणी नाही."

"ठिपका दिसतोय."

"माझ्या फोनवर तर नाही," तो म्हणाला, आणि आम्ही दोघेही हसलो. प्रोग्रॅमरचं ठरलेलं उत्तर.

मिन्तू, तुला माहीत आहे, ते चित्र म्हणजे काचेचा फोटो नव्हे. आपण अ‍ॅपला एक कोरा कागद देतो आणि म्हणतो, तुझ्याकडे जे आहे ते पुन्हा काढून दाखव. कधी कधी पडद्यावर नसलेलंही त्यात उतरतं. म्हणून मला वाटलं, काहीतरी चुकलंय कोडमध्ये. आणि चूक एकदा दिसून भागत नाही. पुन्हा घडवून दाखवली तरच आपण ती खरी मानतो. धंद्याची सवय.

"परत हलव," मी म्हणालो.

तिसरं चित्र आलं. ठिपका जवळ सरकला होता. निळा. शेजारी नाव.

मी ते नाव पुन्हा वाचलं.

"काय झालं? बोल की."

"राइमो... आइलाचं नाव अजून यादीत आहे ना?"

फोनमधून वारा ऐकू येत होता.

"काढलं," तो म्हणाला. "आज सकाळीच. तू पाठीमागे लागला होतास ना, म्हणून तुला संध्याकाळी सांगणार होतो."

"बरं. आता गाडी चालू कर."

"कुठे दिसतेय?"

"गाडी चालू कर, राइमो."

"मला काही दिसत नाहीये. काळोख आहे नुसता. कुठल्या बाजूला?"

मी सांगितलं नाही. त्याने पुन्हा फोन हलवला.

निळा ठिपका आता फांद्यांच्या बाहेर होता. तिथे रस्ता नसतो.

"डावीकडे?"

मी गप्प. त्याला तेवढं पुरलं.

"आर्वो, एवढंच सांग. चाललीये, की थांबलीये?"

"थांबलीये," मी म्हणालो.

दार उघडल्याचा आवाज आला. मग पावलं. करकर. करकर. मी ओरडत होतो. तो ऐकत होता की नाही, माहीत नाही. करकर.

मग फक्त वारा.

बचाव पथक पोचलं तेव्हा गाडीचे दिवे चालू होते. दार उघडं. पावलं डावीकडे गेलेली. शेवटच्या फांदीपाशी फोन, बर्फावर नीट ठेवलेला. पावलं तिथून पुढे गेली होती... आणि त्यापुढे काळं पाणी.

तोही मिळाला नाही.

फोन पोलिसांनी पिशवीत बंद केला आणि कपाटात ठेवला. गुरुवारी सकाळी मी ऑफिसात आलो. दिवा लावला. माझ्या पडद्यावर पाचवं चित्र आलेलं होतं.

दोन ठिपके. एकमेकांना चिकटून. पाण्यात नव्हते. बेटावर होते, आइलाच्या माहेरच्या अंगणात.

मी पोलिसांना फोन केला. त्यांनी कपाट उघडून पाहिलं. फोन होता तिथेच, पिशवीत. बॅटरी पार उतरलेली.

मीही म्हटलं, येस्से, उशिरा पोचलं असेल कुठलंतरी जुनं चित्र. पण ते अंगण त्याच्या आधीच्या कुठल्याच चित्रात नव्हतं. आणि मिन्तू, तूच लिहिते आहेस ते, तूच सांग याला. ते चित्र आपोआप निघत नाही.

फोन कोणीतरी हातात घेऊन हलवावा लागतो.