गाडी कुणी बंद केली

“ठैर जा बेटा. गाडी थांबली, आतलं कुठं थांबलं?”

परभणीच्या उस्तादाचा हा आवाज मुंजाजीनं पंचवीस वर्षांपूर्वी ऐकला होता. उस्ताद गेले, त्यांचं दुकान गेलं. पण पाथरीत मुंजाजीच्या गॅरेजासमोर कुणी भरधाव जीप आणून लगेच किल्ली फिरवायला हात घातला, की तेच शब्द त्याच्या तोंडून निघत.

“एक मिनिट उभी ठेवून काय होतंय, भाऊ? डिझेल फुकट येतंय का?”

“तुमी पळत आले अन् आल्या आल्या मी तुमचं नाक दाबलं, तर काय होईल? तसंच हाय.”

मग तो गोगलगायीच्या शंखासारखा एक जुना टर्बो तळहातावर घेऊन दाखवायचा. इंजिनातून बाहेर पडणारा धूर जाता जाता हे चाक फिरवतो. त्याच दांडीवर पलीकडं दुसरं चाक. ते ताजी हवा दाबून आत भरतं. जाणारा दम येणाऱ्या दमाला हाताला धरून घरात आणतो. मिनिटाला लाखभर फेरे, आणि दांडीला आधार काय, तर तेलाचा पापुद्रा. किल्ली फिरवली की तेल थांबतं, चाक थांबत नाही. तापलेली दांडी कोरडीच फिरते, तिच्यावरलं तेल जळून कोळसा होतो.

“अन् शिट्टी मारती ती?”

“बारीक आसली तर गाणं समजा. मोठी झाली, निळा धूर निघाला, तर मंग माझ्याकडं या.”

“बायकोचे एवढे नखरे न्हाईत, राव!”

सगळे हसत. मुंजाजीही हसे. संध्याकाळी शटर ओढून तो मागच्या खोलीत चहा ठेवी. बायको जाऊन चार वर्षं झाली, तरी एका कपाचं माप त्याला जमलं नव्हतं. रोज थोडा चहा उरायचा, थंड व्हायचा.

त्याचा दोस्त सिताराम, त्याला मात्र हे कधी सांगावं लागलं नाही. पाथरी–सोनपेठ जीप चालवायचा. माणसं उतरली तरी इंजिन चालू ठेवून बोनेटवर हात टेकून उभा राहायचा, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा. दोन वर्षांपूर्वी, चैतात, जीप धुवायला म्हणून तो गोदावरीवर गेला आणि आलाच नाही. दुसऱ्या दिवशी मेंढरं पाण्यावर नेणाऱ्यांना जीप दिसली. दार उघडं, किल्ली जागेवर, गाडी बंद. आठ दिवस पाणी धुंडाळलं. काही सापडलं नाही.

लोकांनी हिशोब सोपा केला. परत यायचं असतं, तर सितारामनं गाडी चालू ठेवली असती. बंद करून गेला, म्हणजे मनानंच गेला. आणि मनानं गेला, म्हणजे घरात काहीतरी झालं असणार. त्याची आई कासाबाई सुनेला तोंडावर म्हणाली, “तूच काहीतरी टोचून बोलली आसशील.” तेव्हापासून दोघी एकाच चुलीवर वेगळं रांधत होत्या.

काल सितारामच्या बायकोचा, शीलाचा, फोन आला.

“भाऊजी, जीप वाजायलीय.”

“बॅटरी तर काढली होती ना?”

“वरीस झालं काढून. तरी शिट्टी वाजायलीय. रोज दुपारी चार वाजता.”

मुंजाजी एसटीनं सोनपेठला उतरला. तिथून गावापर्यंत पायी. उन्हानं माती पांढरी पडली होती. जीप अंगणातल्या लिंबाखाली चारी चाकांतली हवा जाऊन बसली होती, सीटवर कोंबडीची पिसं. ओसरीवर कासाबाई गहू निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

शीलाच्या कपाळावर कुंकू होतं, ताजं.

“परवा भावकी बसणार हाय,” ती म्हणाली. “क्रिया करून टाकू, कुंकू पूस म्हणतेत. ह्या वाजण्याला मशिनीचंच कारण निघालं तर मी मान खाली घालते. पण खरं सांगा, भाऊजी. तुमी तरी.”

उंदरांनी हवेचा पाइप कुरतडलेला होता. नटांना गंज चढला होता. टर्बो सुटायला तास गेला. मुंजाजीनं तो पोत्यावर ठेवला, चाकाला बोट लावलं. हललं नाही. पक्कड लावली. तरीही नाही. दांडी जळून काळी ठिक्कर पडली होती.

“हे आसं कधी होतं?” शीलानं विचारलं.

“तापलेली गाडी एकदम बंद केल्यावर.”

“ते तर कधीच एकदम बंद करत न्हवते.”

मुंजाजीनं पक्कड पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली. हवा आत शिरून वाजत असेल, एवढं म्हणून उठता आलं असतं. शीला मान खाली घालणार होती. परवा सगळं मिटणार होतं. आणि ‘तूच बोलली आसशील’ हे तिच्या जन्माला पुरणार होतं.

लिंबावरचे कावळे उडाले.

आधी त्याला वाटलं, लांब कुठंतरी ट्रक चढ चढतोय. मग शिट्टी बारीक झाली, जवळ आली. जीपमधून नाही. पोत्यावरून.

चाक फिरत नव्हतं. ते डोळ्यांसमोर जाम होतं.

मुंजाजीनं हात पुढं केला. लोखंड तापलं होतं. एका तोंडातून वारा येत होता, गार, ओला. त्याला शेवाळाचा वास होता.

कासाबाईच्या सुपातले गहू थांबले.

शिट्टी वर चढली, खाली उतरली, पुन्हा चढली. कुणीतरी एकच गोष्ट सांगायला जातंय आणि दरवेळी त्याच ठिकाणी अडतंय, तशी.

“गाडी कुणी बंद केली, भाऊजी?”

मुंजाजीनं पक्कड खाली ठेवली.

“भाऊजी.”

“मी.”

कासाबाई उभी राहिली. शीला हलली नाही.

“त्या दिवशी चारच्या सुमाराला सोनपेठहून मोटारसायकलवर यायलो होतो. सितारामची जीप नदीकडं वळताना बघितली, म्हणलं चला, भेटून जाऊ. पोचलो तर गाडीची धूळबी बसली न्हवती. इंजिन चालू. दार उघडं. अन् माणूस न्हाई. सगळी वाळू उघडी, वहिनी, लपायला झुडूप न्हाई. वाळूवर पाऊल न्हाई. मी हाक मारली.”

“मग?”

“ओ दिली त्यानं. बोनेटाखालून.” मुंजाजीनं ओठ पुसले. “‘मुंजाभाऊ, आलोच,’ म्हणला, ‘बंद करू…’ मी लय भेलो. पुढचं ऐकायचंच न्हवतं मला. हात घालून किल्ली फिरवली अन् पळालो. कुणाला सांगणार? येडा म्हणले आसते, न्हाईतर मीच काहीतरी केलं म्हणले आसते. तुम्हाला एवढे बोल लागले, तरी गप बसलो.”

“बंद करू नको म्हणत होते ते,” शीला हळूच म्हणाली. “त्यांना यायचं होतं. तुमी त्यांना बोलूच दिलं न्हाई.”

“बोलला, वहिनी,” मुंजाजी म्हणाला. “‘नको’ म्हणला. गाडी बंद झाल्यावर.”