पुसून टाका, भाऊजी

हे मी रचून सांगत नाही. रचता आलं असतं, तर शेवट तरी बरा केला असता.

गेला मंगळवार. भर दुपार, बारा वाजून दहा मिनिटं. आमची साइट.

माझं काम ड्रोन उडवायचं. दर मंगळवारी, त्याच उंचीवरून, त्याच जागांचे फोटो. बांधकाम किती पुढे सरकलं ते मालकाला दिसावं म्हणून. वेळ दुपारचीच, कारण तेव्हा सावल्या पायाशी मुडपून बसतात, फोटोत लुडबुड करत नाहीत.

काम मेहुण्यानं मिळवून दिलेलं. तो तिथला इंजिनिअर.

पायाचं काँक्रीट ओतलं, त्या दिवसापासून एक मजूर दिसेनासा झाला होता. त्याची बायको साइटवर पाणी मारते. सगळे तिला मावशी म्हणतात. ड्रोन वर गेला की पाइप हातात घेऊन ती माझ्याजवळ यायची.

"दादा, वरून सगळं दिसतं ना? माझा माणूस दिसला का कुठं?"

मेहुणा खेकसायचा, "पळाला तो, मावशी! आभाळात कशाला शोधताय?"

मग गेल्याच्या आदल्या मंगळवारच्या फोटोत...

तो होता.

सुकलेल्या काँक्रीटमधून छातीपर्यंत वर आलेला. वरून माणसं म्हणजे नुसती हेल्मेटं, पिवळे ठिपके. याचा मात्र चेहरा दिसत होता.

मान वर... थेट कॅमेऱ्यात.

मी धावत जाऊन पाहिलं. पाया कोरडा, सपाट. कुणीच नाही.

मेहुण्याला फोटो दाखवला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग उसनं हसत म्हणाला, "डाग आहे. पुसून टाका, भाऊजी. का ताईला सांगू, काम गेलं म्हणून?"

मी पुसला.

शेजारचा करडा रंग उचलून त्याच्यावर फासला. आधी हात, मग छाती. डोळे सगळ्यात शेवटी. मूळ फोटोही उडवून टाकला.

संध्याकाळी मावशीनं विचारलं, "दिसला का?"

"नाही."

"कुणी पुसलंच नाही हो माझ्या माणसाला," ती म्हणाली.

मी पुसला होता.

आणि मग गेला मंगळवार.

ड्रोन साठ मीटरवर. स्क्रीनवर पिवळे ठिपके, मावशीचा पाइप, आणि ड्रोन उतरवायची केशरी चटई. तिच्या शेजारी मी उभा असतो. नेहमीच.

अचानक पंख्यांची घरघर थांबली. ड्रोन मात्र वरच...

चटईशेजारी मी नव्हतो.

तो होता.

मी खाली पाहिलं. माझेच पाय, माझेच बूट. हात वर केला. स्क्रीनवरचा हलला नाही. त्यानं फक्त तोंड उघडलं.

ड्रोनला कान नसतात. तरी माझ्या हातातल्या रिमोटमधून ओला, जड आवाज आला...

"मला पुसलंस ना? आता तुला कोण पुसतंय, बघतो."

मेहुणा हातभर अंतरावरून गेला. "भाऊजी! कुठं उलथले हे?"

मी ओरडलो. त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मावशी मात्र आली. पाइप तिथंच टाकून. माझ्या डोळ्यांत बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू मऊ झाला.

"आलात? किती उशीर केलात..."

ओल्या हातानं तिनं माझा गाल पुसला.

तिच्या बोटांना सिमेंट लागलं.

आज चौथा दिवस. बायको दोनच ताटं वाढते, स्वतःचं आणि लेकीचं. मी हाक मारली की लेक टीव्हीचा आवाज वाढवते. आलो का, गेलो का, जेवलो का... कुणी पुसत नाही. गालावरचं सिमेंट आता गळ्यापर्यंत आलंय.

म्हणून इथं लिहितोय. वाचत असाल, तर मला एकदा पुसा.

म्हणजे... विचारा.

नुसतं विचारा.