खोलीत आवाज आहे

घरोघरी स्पीकर जोडून देणं हा माझा धंदा. त्यामुळे धाकट्या भावाने नव्या टीव्हीला पाच स्पीकर लावायला बोलावलं, यात नवल नव्हतं. नवल हे, की ते त्याला आईच्या खोलीत हवे होते. आईला जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता. पलंग गेला होता, भिंतींना राखाडी रंग लागला होता आणि मधोमध भलामोठा सोफा बसला होता. औषधांचा वास मात्र त्या रंगाखालूनही येत होता. माझं डोकं दारातच फिरलं.

का, ते सांगते. आई गेली त्या संध्याकाळी हा बाहेरच्या खोलीत मॅच बघत होता. "झोपेतच गेली, हाकसुद्धा मारली नाही," असं त्याने सगळ्यांना सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना मात्र तिची हाक ऐकू गेली होती. मग दहा पावलांवर बसलेल्या याचे कान काय गहाण पडले होते? खरं काय ते मला त्याच्या तोंडून हवं होतं. नाहीतर मी त्याच्या घराची पायरी चढले नसते.

दुपारभर मी मुकाट्याने काम केलं. भिंतीत खिळे ठोकले, वायरी ओढल्या, टीव्हीला जोडल्या. शेवटी तपासणी राहिली. सोफ्यावर कानाच्या उंचीला छोटा माइक ठेवायचा आणि कुणी बोलायचं नाही. स्पीकर एकेक करून खरखरतात आणि यंत्र खोलीच्या मापाने आवाज बेतून घेतं.

टीव्हीवर अक्षरं उमटली: खोलीत आवाज आहे. शांतता राखा.

मी पंखा बंद केला. खिडकी लावली. फ्रिजची पिनही काढून आले. पुन्हा तेच.

"तुझा माइक बिघडलाय," भाऊ म्हणाला.

मी माइक हातात धरून खोलीभर फिरले. मागच्या डाव्या कोपऱ्याकडे जाऊ लागले तसा पडद्यावरचा आवाजाचा आकडा चढू लागला. मी वाकले. आईची उशी असायची तिथे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तो सगळ्यात मोठा झाला. माझ्या कानांना काहीच ऐकू येत नव्हतं. नुसती गार हवा गालाला लागत होती. थांबून थांबून... दम लागलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

"ताई... तिथून ऊठ."

"का? काय आहे इथे?"

"काही नाही..."

"मग तोंड का पांढरं पडलंय? तिने हाक मारली होती ना?"

त्याने नजर वायरींकडे वळवली.

"मारली होती... शेवटची पाच मिनिटं उरली होती मॅचची. मी... आवाज वाढवला."

हातातला माइक त्याच्या थोबाडावर फेकावा असं वाटलं. तेवढ्यात आकडा झरझर उतरला. स्पीकर आपोआप एकामागून एक खरखरले. पडद्यावर आलं: तपासणी पूर्ण.

"सुटलो बाबा," तो म्हणाला. "लाव ना काहीतरी. बघू कसा येतो आवाज."

इतकंच. मी कसलासा कार्यक्रम लावला. रिमोट माझ्या हातात होता, एकाही बटणाला बोट लागलेलं नव्हतं, आणि आवाजाची पट्टी उतरायला लागली. चाळीस. तीस. वीस.

"कमी कशाला करतेस?" हे त्याचं बोलणं शेजारच्या खोलीतून आल्यासारखं आलं. दहा. पाच. शून्य. तो समोरच उभा होता, मानेच्या शिरा ताणून ओरडत होता. माझा स्वतःचा श्वास मला स्वच्छ ऐकू येत होता. त्याचा आवाज मात्र कुठेच नव्हता.

त्याने रिमोटसाठी हात पुढे केला. आवाज वाढवायच्या बटणावरच माझा अंगठा होता. मी दाबलं नाही. रिमोट हत्यारांच्या पिशवीत टाकला आणि घरी आले.

डॉक्टर म्हणतात, घशात काहीच दोष नाही. तो दिवसभर ओठ हलवत बसतो. काल माझा राग थोडा निवळला, शेवटी भाऊच तो. रिमोट घेऊन गेले, त्याच्यासमोर बसले आणि ते बटण दाबलं.

बटण खाली जाईना. आतून कुणाचं तरी बोट ते वर रेटून धरत होतं.