रेइनोने निवडून दिलेली रायफल

फोन सव्वाअकराला आला.

"मार्ला, आहेस तशी निघ. सालो भावांच्या शिकारीच्या कॅम्पवर गोळी लागलीय. थोरल्याला. ग्लेनला."

तारीख पंधरा नोव्हेंबर, हरणांच्या मोसमाचा पहिला दिवस. इकडे त्या दिवशी शाळा बंद, लाकडाच्या गिरण्या बंद, आणि पाद्रीसुद्धा शिकाऱ्याचा नारिंगी कोट चढवून झाडावरच्या मचाणात बसलेला. वनखात्याची मार्ला हाक्काला मात्र दर वर्षी त्या सकाळी फोनपाशी बसून असायची. शिकारीतले अपघात तिच्याच गळ्यात पडायचे.

ती पोचली तेव्हा ग्लेन ट्रकजवळ बर्फात पालथा पडला होता. त्याला उलटून बघण्यात अर्थ नव्हता. धाकटा भाऊ कर्टिस कॅम्पच्या लाकडी कॅबिनच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. फोन केलेला शेजारच्या कॅम्पवरचा वेर्न जरा लांब उभा होता.

"काय झालं, कर्टिस?"

"जेवायला आत चाललो होतो. ट्रकपाशी रायफल रिकामी करायला बोल्टला हात घातला आणि बार उडाला. आपोआप. ग्लेन समोरच होता गं."

"चापावर बोट?"

"नव्हतं. आईशप्पथ नव्हतं."

"मग काय केलंस?"

"रायफल तिथेच टाकली आणि वेर्नकडे धावलो. परत हात नाही लावला तिला. ती बघ, पडलीय."

रायफल नवीकोरी होती. मार्लाने हातमोजे घालून उचलली, बाजूचा बोल्टचा दांडा मागे खेचला. एक जिवंत काडतूस उडी मारून बर्फात पडलं. मॅगझिनमध्ये आणखी दोन निघाली. तिने वहीत लिहिलं: नळीत एक, मॅगझिनमध्ये दोन. मग रिकाम्या रायफलीचा बोल्ट लावून दस्ता ओंडक्यावर तीनदा जोरात आपटला. आत काहीच सुटलं नाही, साधं 'खट'सुद्धा नाही.

"कुठून घेतलीस?"

"रेइनोमामाने निवडून दिली. सप्टेंबरात."

"वेर्न, तुम्ही किती बार ऐकलेत?"

"इकडून सकाळपासून एकच. म्हटलं, पोरांना हरीण गावलं."

रेइनो म्हणजे कर्टिसचा सख्खा मामा. पन्नास मैलांत बंदुका दुरुस्त करणारा तोच एक. चाळीस वर्षं त्याचं दुकान होतं, आणि 'रेइनोने दिलीय' म्हटलं की पुढे कुणी विचारायचं नाही. बारा वर्षांच्या पोरांना शिकार शिकवायचा वर्गही तोच घ्यायचा. मार्ला तिथेच शिकली, ग्लेन आणि कर्टिसही. म्हातारा काठी आपटून घोकून घ्यायचा, "बार झाला की हरणाकडे बघत बसू नका, गाढवांनो! आधी बोल्ट मारा, दुसरं काडतूस चढवा, मग बघा!" आजही इथल्या कुणालाही झोपेतून उठवा, बार झाला की हात आधी बोल्टकडे जाणार.

शहरातली प्रयोगशाळा तीन महिने लावणार होती, म्हणून शेरीफने रायफल रेइनोकडेच पाठवली. सख्खा मामा असेना का, दुसरा जाणता होता कोण?

तिसऱ्या दिवशी मार्ला दुकानात गेली. काउंटरवर चार रायफली आडव्या पडल्या होत्या. लोकांनी परत आणून टाकलेल्या.

"सकाळपासून हेच चाललंय," रेइनो म्हणाला. "कुणी बोलत नाही. ठेवतात आणि जातात. बोलले असते तर बरं वाटलं असतं."

"काका, रायफलीचं काय निघालं?"

रेइनोने ती उचलली आणि दस्त्यावर तळहात मारला. खट! चापाला हात न लावता आतली सुई सुटली होती.

"खोट आहे, पोरी. आणि निवडली मी. कर्टिस चकचकीत लाकडी दस्त्यावर भाळला होता. मी म्हटलं, ती भिंतीवर टांगायला ठीक. लाकूड ओलावा धरतं, फुगतं, नेम सरकतो. ही घे, दिसायला दरिद्री, पण बोल्ट लोण्यासारखा सरकतो, आणि चाप अडवणारी सेफ्टी लावलेली असतानाच रिकामी करता येते. माझ्या शब्दावर घेतली पोराने. मारला मी ग्लेनला. लिही तसं."

"परवा मी तीनदा आपटली. नाही सुटली."

"गारठ्यात तेल घट्ट होतं."

चाळीस वर्षं समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलणारा माणूस, आज काउंटरशी बोलत होता. मागच्या बाकावर एक बारीक कानस पडली होती, तिच्या दातांत लोखंडाचा ताजा चुरा. मार्लाची नजर तिकडे गेली तसा त्याने वर फडकं टाकलं.

जीपमध्ये बसून तिने वही उघडली. स्वतःचंच अक्षर. 'नळीत एक, मॅगझिनमध्ये दोन' ही ओळ तिने दोनदा वाचली. तीन दिवस ही ओळ खिशात घेऊन फिरतेय मी, मूर्ख बाई!

ती तडक सालोंच्या कॅम्पवर गेली. ट्रकभोवतीचा बर्फ तिने धातुशोधकाने दोन तास विंचरला. एक खिळा सापडला. मग ती कर्टिसच्या मचाणाखाली गेली. तिथून ट्रकपर्यंत ऐंशी पावलं, मध्ये एक फांदी नाही. मचाणाच्या उजव्या अंगाला, विताएवढ्या बर्फाखाली, यंत्र वाजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेरीफच्या माणसाला बाहेर गाडीत बसवून सायमाच्या स्वयंपाकघरात शिरली. सायमा म्हणजे रेइनोची बहीण, ग्लेन आणि कर्टिसची आई. टेबलावर कॉफी आणि वेलदोड्याचा पाव होता, कुणी तोडलेला नव्हता. रेइनो आणि कर्टिस समोरासमोर बसले होते.

"बस गं," सायमा म्हणाली. "उद्या दफन आहे. आज तरी काही विचारू नकोस कुणाला."

"काकू, आज विचारायला नाही, सांगायला आलेय." मार्ला उभीच राहिली. "कर्टिस, बार झाल्यावर रायफलीला हात लावला नाहीस ना?"

"किती वेळा सांगू? नाही."

"ही बोल्टची रायफल आहे. बार झाला की काडतुसाची रिकामी पुंगळी नळीतच अडकून राहते. हाताने बोल्ट ओढल्याशिवाय ती बाहेर पडत नाही आणि दुसरं काडतूस चढत नाही. मी बोल्ट ओढला तेव्हा पुंगळी निघायला हवी होती. निघालं जिवंत काडतूस. म्हणजे बारानंतर कुणीतरी बोल्ट मारला. कोणी?"

कर्टिसने हात टेबलाखाली घेतले.

"घाबरून मारला असेल. आठवत नाही."

"ठीक. मग पुंगळी ट्रकपाशी पडायला हवी. तिथे नाही. ती ही बघ." तिने प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. "तुझ्या मचाणाखाली मिळाली. बुडावरची सुईची खूण तुझ्याच रायफलीची आहे, शेरीफने काल रायफल दुकानातून आणवून, उघडून ताडून पाहिली. त्या दिवशी बार एकच झाला. तू वरून नेम धरलास, चाप ओढलास, आणि शिकवल्याप्रमाणे हाताने आपसूक बोल्ट मारला. मग खाली येऊन रायफल ट्रकपाशी टाकलीस."

"रायफलीत खोट आहे!" कर्टिस ओरडला. "मामा, सांग ना हिला!"

रेइनोने समोरचा कॉफीचा कप बाजूला सारला.

"खोट आहे," मार्ला म्हणाली, "पण ती परवाच्या रात्रीपासून. त्याआधी नव्हती. चापाच्या आतला, सुई अडवणारा दात कानशीने घासलेला आहे. काका, नळीत जिवंत काडतूस होतं हे तुम्ही माझ्या अहवालात वाचलंत, आणि जे कळायला मला तीन दिवस लागले ते तुम्हाला तिथल्या तिथे कळलं. शिकवलंत तर तुम्हीच. मग तुम्ही चाळीस वर्षांचं नाव मातीत घातलंत आणि चांगली रायफल वाईट केलीत."

"एक गेला," रेइनो म्हणाला. "म्हटलं, बहिणीला दुसरा तरी राहू दे. माझं नाव काय, माझ्याबरोबर जाणारच होतं की. मार्ला, खोट मान्य झाली असती. कुणाचं काय बिघडलं असतं?"

काल रात्रभर मार्ला स्वतःला हेच विचारत होती, आणि कुठल्याही उत्तराने तिला झोप लागली नव्हती.

सायमा कर्टिसकडे वळली.

"का रे?"

तो भडाभडा बोलला, "तो कॅम्प विकणार होता, आई! सकाळी कॉफी पिताना सांगतो मला, हा शेवटचा मोसम. बाबांनी हातांनी बांधलेला कॅम्प! मी विचारलं, कोणी दिला तुला अधिकार? तर गप्प. माझ्याकडे बघेनासुद्धा. वर चढलो, तो खाली ट्रकपाशी शीळ घालत होता, आणि माझं डोकंच..."

"मी दिला अधिकार," सायमा म्हणाली.

"काय?"

"मी सांगितलं त्याला विकायला. तो नको म्हणत होता. महिनाभर हात जोडत होता माझ्यापुढे. दर वर्षी तुम्ही दोघं तिथून भांडून येता, वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नाही. म्हटलं, तो कॅम्पच नको. माझं नाव सांगू नकोस म्हणाले त्याला, धाकटा माझ्यावर रुसेल."

मार्लाने कर्टिसच्या दंडाला धरून त्याला उठवलं. तो निमूट उठला. रेइनोही टोपी घेऊन उभा राहिला, त्याला काही सांगावं लागलं नाही.

"आई," दारातून कर्टिस म्हणाला, "आई, काहीतरी बोल ना."

सायमा मार्लाकडे बघत होती.

"शवपेटी उचलायला सहा माणसं ठरली होती," ती म्हणाली. "आता चारच राहिली. ग्लेन काही हलका नव्हता गं."