कपाळावरची माती

लांब सुरीवाल्यांचा, म्हणजे गोऱ्या अमेरिकनांचा, साहेब ओसेज नावाच्या रानटोळीशी तहाची बोलणी करायला निघाला, तेव्हा नजराणा म्हणून त्यानं माणसंच नेली. उत्तरेच्या टोळीनं पळवलेल्या आणि त्याच्या सरकारनं सोडवलेल्या ओसेज बायका होड्यांत बसल्या होत्या. त्यांतली एक विहे. दोन वर्षं परक्यांची लाकडं फोडून तिचं मन पार बधिर झालं होतं. घरी आईच तेवढी उरली होती.

ओसेजांत माणूस गेलं की जवळचे पहाटे कपाळाला माती फासून रडतात. ती माती मावळतीपर्यंत पुसायची नाही. पुसली तर रडणं मेलेल्याला पोचत नाही, असं म्हणतात.

एका मुक्कामावर विहे उठली, तर कपाळावर ओली माती. चिखलात लोळलीस वाटतं, म्हणून बायका हसल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. बोटांचे पट्टे होते, फक्त मधल्या बोटाचा नव्हता. तिसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही.

साहेब वैतागला. सुतकी तोंडं घेऊन गावात शिरलो तर सरदार तहाचं काय बोलणार? त्यानं दुभाष्या एतिएनला पिटाळलं. एतिएनची आई ओसेजच. तो खाली बघत म्हणाला, "धुऊन टाक बाई. हुकूम आहे."

"कुणासाठी असेल रे दादा?"

"मला नको विचारूस... धू."

विहेनं धुतलं. आठ सकाळी माती आली, आठही सकाळी तिनं नदीत तोंड धुतलं.

गावाच्या वेशीवर मावशी एकटीच उभी होती. आई बरोबर नव्हती.

"नऊ दिवस झाले गं," मावशी म्हणाली. "तिला रडणारं तूच एक. तुझीच वाट बघत असेल."

विहेला आईचा हात आठवला. मधलं बोट कुऱ्हाडीखाली गेलेला. टेकडीवर आईवर रचलेल्या दगडांपाशी ती दिवसभर बसली, पण डोळ्यांतून टिपूस येईना. तिला स्वतःचीच भीती वाटली.

मातीचं ऐकून मावशीनं समजावलं, उद्या पहाटे लागलेली माती पुसू नकोस, म्हणजे रडू आपोआप येईल.

पहाटे विहेनं कपाळ चाचपलं. कोरडं होतं. खालून, वरून, कानामागे, सगळीकडे चाचपलं. मग ती सुन्न होऊन दारात बसली.

समोरून साहेब सरदारांच्या बैठकीला निघाला होता. बटणं लखलखीत, दाढी गुळगुळीत, आणि कपाळावर ओल्या मातीचे पट्टे. मधला नव्हता. बैठकीला जमलेले सरदार एकमेकांकडे बघू लागले. एतिएननं मान फिरवली.

आठ वेळा पुसलं. आईनं आता आपला नाद सोडला, हे विहेला कळलं, आणि तरीही रडू आलं नाही.

साहेबाचे डोळे मात्र घळाघळा वाहत होते. ते रुमालानं टिपत तो एतिएनला म्हणाला, "धूर फार आहे इथं."

बैठकीतली शेकोटी अजून पेटवायची होती.