जनरेटर कोण बंद करतंय?

या, बसा. आधी तो मोबाईल उलटा ठेव. लाईट गेली की बरा आठवतो तुम्हाला काका, एरवी ढुंकून बघत नाही कुणी! सांगतो. पण ही ऐकीव गोष्ट नाही हं, माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडलेली आहे. जनरेटर दुरुस्त करायचा तो. बंद पडलेली वस्तू दिसली की याचे हात शिवशिवायचे, म्हणून आम्ही त्याला खटपट्या म्हणायचो.

जुलैची एकोणीस तारीख, शनिवारची रात्र. साडेअकराला त्याला फोन आला. वादळानं तारा तुटलेल्या, अख्खा भाग अंधारात. फोनवर बँकेतला एक साहेब, अगदी रडकुंडीला आलेला. "दादा, आई ऑक्सिजनच्या मशीनवर आहे. जनरेटर लावला की पाच मिनिटांत बंद पडतो. जवळचा सिलिंडर संपत आलाय हो! ॲम्ब्युलन्स निघालीय, पण रस्त्यात झाड आडवं पडलंय." खटपट्यानं अवजारांची पिशवी उचलली आणि निघाला.

बैठं घर. मागे छप्पर घातलेला बोळ. त्याचं एक दार म्हातारीच्या खोलीत, दुसरं परसात. जनरेटर त्या बोळात.

"हा घरात का ठेवलात?"

"बाहेर भिजेल ना. परसाचं दार उघडं ठेवलंय की मी."

म्हातारी कॉटवर होती, नाकात नळी. खटपट्याला बघून म्हणाली, "हे बंद करतायत रे त्याला. सारखे."

साहेब त्याच्या कानाशी कुजबुजला, "बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. अधूनमधून बोलते अशी."

खटपट्या कामाला लागला. पेट्रोल होतं. ऑइल बरोबर. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं की पेट्रोल उतरत नाही, म्हणून तेही फुंकून पाहिलं. प्लग काढला, तर ओला. पावसाची झड दारातून थेट त्याच्यावर येत होती. "हात्तिच्या, हेच ते!" म्हणाला. प्लग पुसला आणि परसाचं दार लावून घेतलं.

दोरी ओढली. सुरू झाला. आत मशीन चालू लागलं, साहेब हुश्श करून आईपाशी बसला.

थोड्या वेळानं... बंद.

खटपट्यानं बॅटरी मारली. जनरेटरचा स्विच कुणीतरी खाली पाडला होता.

"साहेब, तुम्ही हात लावलात का?"

"मी कुठे? मी आईचा हात धरून बसलोय."

पुन्हा चालू केला. पुन्हा बंद. पुन्हा स्विच खाली. आता मात्र तो वैतागला. परत दोरी ओढली आणि बॅटरी स्विचवर रोखून बसला.

बघत होता...

स्विच हलला.

सावकाश. आपला आपण.

हसू नकोस गं. पुढे ऐक.

खटपट्याला पळून जावंसं वाटलं. पण आत म्हातारी होती, तिचा जीव त्या मशीनवर. त्यानं जनरेटर चालू केला आणि पंजा स्विचवर घट्ट दाबून धरला. म्हटलं, आता कर बंद.

आणि त्याच्या पंजावर...

दुसरा पंजा आला.

थंडगार. दिसत काही नव्हतं. उजेडात त्याचा एकट्याचाच हात. पण वजन होतं. बोटं होती. दाबत होती...

खट्.

जनरेटर थांबला. आत मशीनची शिट्टी वाजायला लागली. वाजतच राहिली.

"साहेब..."

उत्तर नाही.

"अहो साहेब!"



उठायला गेला, तर पायांत त्राण नाही. डोकं घणघणतंय. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ही नुसती भीती नव्हती. धूर होता! अरे, जन्मभर हा माणूस लोकांवर ओरडत आला, जनरेटर बंद जागेत चालवू नका, धूर कळायच्या आत जीव घेतो म्हणून. आणि घाईघाईत दार लावलं ते यानंच. वर पुन्हा पुन्हा चालूही यानंच केला.

रांगत गेला. परसाचं दार उघडलं, चार श्वास घेतले. खोलीत साहेब आईच्या हातावर डोकं टाकून पडलेला. म्हातारीचे डोळे मिटलेले. एकेकाला ओढत, उचलत पावसात आणलं, उरलासुरला सिलिंडर म्हातारीला लावला आणि शेजाऱ्यांच्या नावानं बोंब ठोकली. त्यांनी रस्त्यातलं झाड ओढून काढलं, तेव्हा ॲम्ब्युलन्स आली. वाचले दोघं. डॉक्टर म्हणाले, जनरेटर न थांबता चालला असता तर तिघंही गेले असते.

सकाळी दवाखान्यात साहेबानं आभार मानायला खटपट्याचा हात हातात घेतला. आणि बघतच राहिला. पंजावर चार बोटांचे पांढरे वळ. त्यातला मधल्या बोटाचा अर्ध्यातच संपलेला.

"बाबांचं तुटलेलं बोट..." एवढंच म्हणाला. खाली बसला.

गेल्या महिन्यात खटपट्या आला होता माझ्याकडे. वळ अजून आहेत. मी हात लावून पाहिला.

तेवढीच जागा गार लागते.