मडक्यावरचं लुगडं

"हंसाला मामा नाही," पुतळी म्हणाली, आणि हळद कुटणाऱ्या बायकांचे हात मुसळावरच थांबले.

लेकीचं लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. पुतळीच्या नवऱ्याने, मोरूने, एवढंच विचारलं होतं की अंतरपाट धरला की पोरीच्या पाठीशी कोण उभं राहणार, म्हणजे तसं भटजींना सांगून ठेवतो. आणि ज्याच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं तो तिचा सख्खा धाकटा भाऊ, डॉक्टर सदानंद, त्याच मांडवाच्या खांबाशी औषधांची पेटी घेऊन उभा होता. नुकताच तलासरीहून एस.टी.ने डहाणूला उतरून चालत आला होता. त्याने ते शब्द ऐकले. पेटी खांबाशी ठेवली, काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या आणि समुद्राच्या बाजूला निघून गेला.

पुतळी त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं हे वाक्य बोललं की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही, उलट वाढलं. त्या पाठीला तिनेच लहानपणी खोबरेल चोळलं होतं.

बाप बोटीबरोबर बुडाला तेव्हा सदा सहा वर्षांचा होता आणि पुतळी पंधरा वर्षांची. तेव्हापासून आईने आणि तिने डोक्यावर मासळीची पाटी घेऊन त्याला शिकवलं. पोर पहिल्यापासून वेगळाच. घोळ मासा कापायला घेतला की हा शेजारी बसणार, पोटात काय सापडतं ते काडीने उलटसुलट करून बघणार, बोंबलाचं हाड इतकं मऊ का म्हणून विचारणार. आई वैतागून म्हणायची, त्यालाच विचारायचं होतंस, तो जिवंत असताना. मग आईही गेली, आणि मुंबईच्या डॉक्टरकीच्या शाळेची शेवटची वर्षं पुतळीच्या एकटीच्या पाटीवर निघाली. मोरूने एका शब्दानेही आडकाठी केली नाही. स्वतःच्या अंगाला दोन लुगडी ठेवून तिने भावाला डॉक्टर केलं, आणि त्याचा तिला कधी पश्चात्ताप झाला नाही.

डॉक्टर झाला तरी सदा बदलला नाही. त्याने तलासरीला दवाखाना काढला. लोक सांगायचे, याच्याकडे खोकला घेऊन जावं तर हा विचारतो घराच्या कुडाला कोणत्या झाडाच्या काठ्या लावल्या. रोगी ओट्यावर ताटकळत बसलेले आणि डॉक्टर रस्त्यावर कुणाच्या बैलाचा खूर हातात घेऊन बघतोय, असंही व्हायचं. पण दर महिन्याला एक दिवस तो न चुकता बहिणीकडे यायचा. आल्याआल्या सगळ्या पोरांच्या जिभा बघायचा, हंसाला मांडीवर घेऊन तिच्या छातीचे ठोके तिलाच नळीने ऐकवायचा, आणि मग वाळत्या बोंबलांखाली चटई टाकून, मोरूला वाऱ्याच्या दिशा विचारत विचारत झोपी जायचा. पुतळी ते बघून मनात म्हणायची, आई, बघितलंस का.

मग तीन वर्षांपूर्वी ते लुगडं आलं मध्ये.

आईचं एकच चांगलं लुगडं होतं, हिरवं, तांबड्या काठाचं. लग्नात नेसलेली, आणि नंतर फक्त नारळी पौर्णिमेला. एका पौर्णिमेला नारळ सोडताना ते होडीच्या खिळ्याला अडकून फाटलं. सुई हाताशी नव्हती, म्हणून आईने किनाऱ्यावर बसून जाळ्याच्या सुताने, जाळं विणतात त्याच गाठी मारून ते सांधलं होतं. तसं सांधलेलं लुगडं दुसरं कुठे असणं शक्य नव्हतं. जाताना आई म्हणाली होती, हंसाच्या लग्नात तिच्या अंगावर घाल. पुतळीने ते लवंगा घालून ट्रंकेत जपलं होतं.

सदाने ते मागितलं. म्हणाला, बाय, आईची आठवण म्हणून थोडे दिवस माझ्याकडे राहू दे, हंसाच्या लग्नाला परत आणतो. बोलताना त्याची नजर जमिनीकडे होती, हे तिला नंतर आठवलं. तेव्हा तिने दोन्ही हातांनी उचलून दिलं.

दोन महिन्यांनी ती सुकी मासळी घेऊन तलासरीच्या बाजाराला गेली. उरलेला माल विकायला जवळच्या पाड्यात शिरली, तहान लागली, म्हणून एका वारली बाईकडे पाणी मागितलं. त्या बाईचं नाव नवशी. नवशीने ओट्यावरचं मडकं पुढे केलं, आणि मडक्याच्या तोंडावर दोरीने बांधलेल्या हिरव्या फडक्यात पुतळीला जाळ्याच्या गाठी दिसल्या.

ती पाणी प्यायली नाही. शेजारच्या घराच्या मडक्यावर तोच हिरवा, त्याच्या पलीकडेही तोच. कुठून आणलं म्हणून विचारलं तर नवशी म्हणाली, डाक्तरने फाडून वाटला. पुढे काही विचारायला पुतळी थांबली नाही. भर गर्दीत दवाखान्यात जाऊन तिने एवढंच विचारलं की आईला असं फाडताना हात नाही थरथरला का. सदाचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, "बाय, माझं चुकलं." तिने त्याचा अर्थ असा घेतला की आईचं लुगडं याला चिंधी वाटली आणि हे तो कबूल करतोय. त्याच्या मनात मात्र आपण बहिणीशी खोटं बोललो एवढीच चूक होती. दोघांच्या त्या दोन अर्थांमध्ये तीन वर्षं गेली.

तो येतच राहिला. तिने दार कधी लावलं नाही, पण त्याला पाहुण्यासारखा पाट मांडायची, ताट वाढायची, आणि 'डॉक्टर, तुम्ही जेवून घ्या' म्हणायची. तो काही सांगायला लागला की उठून बोंबील परतायला जायची. एकदा तो हंसासमोर रडला असं हंसाने सांगितलं. त्या दिवशी पुतळीलाही जेवण गेलं नाही, पण ती हटली नाही.

आता मांडवात बायका खालमानेने हळद कुटत होत्या, आणि खांबाशी ती पेटी तशीच पडली होती. दुपार कलत होती. तेवढ्यात पाड्यातली माणसं दारात आली.

पुढे नवशी होती, मागे पाड्यातला म्हातारा हाल्या आणि चार-पाच बाया. चारोटीपर्यंत चालत येऊन तिथून लाकडाच्या ट्रकवर बसून आली होती. नवशीच्या डोक्यावर पळसाच्या पानांत बांधलेलं गाठोडं होतं. बाजारातल्या मासळीवालीकडून कळलं, म्हणाली, डाक्तरच्या भाचीचा लगीन आहे. तिने गाठोडं पुतळीच्या पायाशी सोडलं.

आत आईचं लुगडं होतं.

पाण्याने पिवळट पडलेलं, काठ विटलेला. तुकड्याला तुकडा जोडून, जाड दोऱ्याने वेडेवाकडे टाके घालून पाड्यातल्या बायांनी ते पुन्हा अखंड केलं होतं. मधोमध जाळ्याच्या गाठी जशाच्या तशा होत्या. पुतळीने खाली बसून त्या गाठींवरून बोट फिरवलं.

"आमच्या पाड्यात नारू होता," हाल्या म्हणाला आणि त्याने आपली पोटरी पुढे केली. तिच्यावर चार जुने वण होते. पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा, काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, महिनाभर माणूस उठायचा नाही, भात लावायच्या वेळेला घरंच्या घरं आडवी. डॉक्टरने त्यांच्या विहिरीचं पाणी भिंगाखाली धरून त्यात उड्या मारणारे बारीक जीव दाखवले आणि सांगितलं, नारू यांच्यातूनच अंगात शिरतो, पाणी कापडातून गाळा. फडकी आणून दिली. पाड्याने ती फेकून दिली.

"मीच बोललो त्याला," हाल्या म्हणाला. "शहरातला फडका, मेलेल्याचा का कोणाचा, आमाला काय ठावा. तुज्या आयशीचा लुगडा लावशील का आमच्या पाण्यावर? मला वाटला, जाईल गप. चार दिसांनी लुगडा घेऊन आला. आमच्यासमोर फाडला. फाडताना रडत होता."

नवशीने पुढचं सांगितलं. पहिल्या वर्षी तरीही नारू निघाले, कारण ते आधीच प्यायलेल्या पाण्यातले होते, आणि लोक कापडं सोडायला निघाले तेव्हा डॉक्टर घरोघर फिरून हात जोडत होता. दुसऱ्या वर्षी दोनच घरांत निघाले. या वर्षी एकाही पायात नाही. "हा लुगडा भाचीच्या लग्नासाठी ठेवलेला, बहिणीला खोटा बोलून आणलाय, जपून वापरा, असा त्यानेच सांगितला होता. म्हणून आणला परत. आता आमी बाजारातून नवा कापड घेतो. गाळतो. सवय झाली."

पुतळीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. तीन वर्षं ज्या गाठींच्या आठवणीने तिचा जीव जळत होता, त्याच गाठींखाली पाड्यातली पोरं पाणी पिऊन धडधाकट पायांवर उभी राहिली होती. आईला हे कळलं असतं तर तिने स्वतःच्या हातांनी फाडून दिलं असतं, आणि वर म्हणाली असती, काठ राहू दे पोरीच्या ओटीला. हे पुतळीला इतकं स्वच्छ दिसलं की रडता रडता तिला हसू आलं.

ती उठली आणि वाळूतून चालत गेली. सदा बांबूच्या वलांडीखाली बसला होता, वर ओळीने बोंबील वाळत होते. हातात एक वाळका बोंबील घेऊन तो त्याचा कणा नखाने उकलून बघत होता. इतक्या दुःखातही. पुतळी त्याच्यासमोर उभी राहिली.

"सदा," ती म्हणाली, "मला का नाही सांगितलंस रे?"

तीन वर्षांनी हे नाव ऐकून त्याच्या हातातला बोंबील पडला. "तू दिलं नसतंस तर?" तो म्हणाला. "मी तुझ्याकडे मागायला घाबरलो, बाय. पाड्याला नाही घाबरलो, तुला घाबरलो."

"मग घाबरच आता. उठ. हंसाच्या पाठीशी उभं राहायचंय, अंगाला मासळीचा वास लावून बसलाय डॉक्टर."

तो उठला नाही, लहान पोरासारखा तिच्या पायांना मिठी मारून रडला, आणि ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मोरू दुरून बघत होता. त्याने मांडवाकडे वळून भटजींना निरोप धाडला की मामा आहे.

त्या संध्याकाळी पुतळीने विळी घेऊन ते जोडलेलं लुगडं पुन्हा उसवलं. बाया हळहळल्या. तिने जाळ्याच्या गाठींचा तुकडा स्वतःजवळ ठेवला, काठाची एक पट्टी हंसाच्या ओटीसाठी काढली, आणि बाकीचे सगळे तुकडे घडी करून नवशीच्या हातात दिले. म्हणाली, दुसऱ्या पाड्यांत अजून नारू असेल ना, तिथे द्या, आणि कुणाच्या आईचं ते सांगा. दुसऱ्या दिवशी अंतरपाटामागे हंसाच्या खांद्यावर मामाचे दोन्ही हात होते. मागे वारली बाया बसल्या होत्या आणि जेवणात त्यांना पहिली पंगत होती.

पुढची आठ वर्षं भावाबहिणींनी एकमेकांना एकाही गोष्टीचा हिशोब विचारला नाही. सदा महिन्याला यायचा, आता हंसाच्या पोरांच्या जिभा बघायचा. अडुसष्ट साली त्याचं हृदय थकलं. त्याने स्वतःच सांगितलं की आता फार नाही, आणि बायकोला, देवकीला म्हणाला, मला बायकडे न्या. वाळत्या बोंबलांच्या वासात त्याला शांत झोप लागायची.

शेवटच्या सकाळी हाल्याचा मुलगा पाड्याच्या विहिरीचं पाणी घेऊन आला. विहिरीला आता कठडा होता, कुणी पाय घालून उतरत नव्हतं. पुतळीने तांब्याच्या तोंडावर तो जाळ्याच्या गाठींचा तुकडा धरला, पाणी काचेच्या पेल्यात गाळलं आणि सदाच्या ओठांशी नेलं.

त्याने प्यायच्या आधी हाताने पेला थोडा वर केला, खिडकीच्या उजेडाकडे.

"बाय," तो हळूच म्हणाला, "काही हलतंय का बघ."

पुतळीने पेला उजेडात धरला आणि खरोखर नीट बघितलं, जसं त्याला हवं असायचं तसं, वरून, खालून, कडेने.

"नाही रे सदा," ती म्हणाली. "स्वच्छ आहे."

मग तो प्यायला.